दगडी कॉलेजच्या दरजा: नाशिकच्या प्रकल्प नोंदी

१४ ऑक्टोबर २०२४

पाऊस नुकताच सरलाय. दुरुस्तीआधीच्या पाहणीला हेच दिवस बरे. एप्रिल-मेमध्ये गेलं तर सगळ्याच भिंती ठणठणीत दिसतात. आत्ता पाणी कुठून शिरतं आणि कुठे मुरतं ते डोळ्यांना दिसतं. कॉलेजची ही इमारत शंभरीच्या आसपासची, काळ्या पाषाणाची. तळमजला, वर एक मजला, पुढे कमानींचा व्हरांडा, सागवानी कैच्यांवर मंगलोरी कौलं. भिंत दोन फुटांहून जाड: दोन्ही अंगांना घडीव चिरे, मधे डबर आणि चुना.

उत्तरेकडच्या वर्गखोल्यांत छातीएवढ्या उंचीपर्यंत ओल आहे. गिलावा फुगून पडलाय, लोणा लागलाय. प्राचार्य मॅडमचा पहिलाच प्रश्न, "दगड सडलेत का हो?" आमचे मुख्य पाथरवट काका सिन्नरकडचे. ते हातोडीने एकेक चिरा वाजवत व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. बहुतेक सगळे खणखणीत. "दगडाला काय धाड भरलीय? दरजा गेल्यात, ताई."

माझंही मत तेच. हा दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. शंभर पावसाळ्यांनी त्याचं फारसं बिघडत नाही. बिघडलाय तो दोन दगडांमधला सांधा, म्हणजेच दरज. काही दशकांपूर्वी संपूर्ण इमारतीच्या दरजा सिमेंटने भरल्या गेल्या, त्याही उठावदार, पट्टी काढून. लांबून रेघा सुबक दिसतात. जवळ गेलं की पट्टीच्या वरच्या कडेला केसाएवढी फट दिसते, कारण सुकताना सिमेंट आक्रसतं आणि दगडाला सोडतं. त्या फटीतून पाणी आत जातं, पण सिमेंटमुळे त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. मग ते भिंतीच्या पोटातला चुना विरघळवत खाली उतरतं आणि खोलीच्या बाजूने बाहेर येतं. चुन्याच्या दरजेतून हीच ओल वाऱ्याने उडून जायची.

२२ ऑक्टोबर

आज दरजांना हात लावला नाही. दिवसभर पाण्याचा माग काढला. हे आधी केलं नाही तर पुढचं सगळं काम वाया जातं, आणि दुरुस्तीच्या बहुतेक अंदाजपत्रकांत नेमकं हेच नसतं.

वरून सुरुवात केली. दोन छपरं मिळतात तिथल्या पन्हळीत वीतभर माती, पानं, कबुतरांची घरटी. पन्हळ भरली की पाणी थेट भिंतीच्या माथ्यावर सांडतं. उतरत्या नळांपैकी काही मधूनच तुटलेत आणि त्यांच्यामागच्या दगडांवर हिरवं शेवाळ आहे.

मग खाली. आवारात पेव्हर ब्लॉक बसवताना जमीन इतकी उचलली गेली की जोत्यातल्या हवेच्या जाळ्या निम्म्या पुरल्या आहेत. ब्लॉकचा उतारही भिंतीकडेच आहे. म्हणजे पाणी भिंतीच्या पायाशी आणून सोडायची पक्की सोय झालीय. बांधणाऱ्यांनी जोतं उंच का ठेवलं होतं, ते या एका गोष्टीवरून कळतं. ठरलं: भिंतीलगत हातभर रुंदीची पट्टी उघडायची, जाळ्या मोकळ्या करायच्या, खडीची चर काढून पाणी आवाराबाहेर न्यायचं.

नाशिककरांना हे शिकायला लांब जावं लागत नाही. पांडवलेण्यांतल्या १० नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्यात लेणं कोरल्याच्या जोडीनेच पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, खोदल्याचाही उल्लेख येतो. दगडात काम करणाऱ्याने पाण्याचा विचार त्याच दमात करायचा असतो, हे दोन हजार वर्षांपूर्वी त्रिरश्मी डोंगरावर माहीत होतं.

६ नोव्हेंबर

दिवाळीनंतर माणसं परत आली. जुन्या चुन्याचे नमुने घेतले. सिमेंट पोचलेलं नाही अशा खोल जागेतून, जिन्याखालच्या भिंतीतून आणि एका खिडकीच्या उंबऱ्यामागून. ढेकूळ वजन करून पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात टाकलं. चुना फसफसून निघून गेला, तळाशी वाळू आणि विटेची भुकटी उरली. बेसाल्टच्या वाळूला हे आम्ल फारसं काही करत नाही, म्हणून इकडे ही चाचणी भरवशाची. उरलेलं धुऊन, वाळवून, चाळण्यांतून काढलं. वाळू गोलसर, नदीची. भुकटी लालसर, बरीच बारीक, अधूनमधून ज्वारीच्या दाण्याएवढे विटेचे तुकडे. म्हणजे सुरखी होती.

सुरखीचं महत्त्व असं: नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो, आणि त्याला हवा लागते. विटेची भुकटी चुन्याशी संयोग पावते आणि ओलीतही पकड येते. त्यासाठी वीट मात्र कमी भाजलेली हवी; भट्टीत काचेसारखी झालेली वीट दळून काही उपयोग नाही. चांदोरी, सायखेडा या बाजूच्या भट्ट्यांवर चौकशी करायची आहे. बाजारातली तयार सुरखी घ्यायची नाही, तिच्यात काय दळलंय ते कळत नाही.

१८ नोव्हेंबर

चुना विरवला. कळीचा चुना, आयएस ७१२ या भारतीय मानकातला सी वर्ग, म्हणजे शुद्ध, चिकट होणारा. टाक्यांत आधी पाणी आणि मग त्यात चुन्याचे खडे, थोडे थोडे. उलटं करायचं नाही. खड्यांवर पाणी ओतलं की उकळी अंगावर येते. सगळ्यांना चष्मे आणि हातमोजे सक्तीचे केले. डोळ्यात चुना गेलेली माणसं मी पाहिली आहेत, यात सवलत नाही.

टाकी खदखदली, वाफा आल्या. शास्त्राच्या काही विद्यार्थिनी बघायला थांबल्या होत्या. पुस्तकातलं समीकरण त्यांना पाठ होतं, पण त्यातून इतकी उष्णता बाहेर पडते याची कल्पना नव्हती. आता वरती चार बोटं पाणी ठेवून झाकून ठेवलंय. जितका जुना होईल तितका लोण्यासारखा होतो.

२ डिसेंबर

विद्यापीठाच्या परीक्षा सुरू. छन्नीचा आवाज बंद. मोजमापं आणि नकाशे तेवढे चालू; प्रत्येक दगडाला नकाशावर क्रमांक पडतोय.

११ डिसेंबर

परीक्षेच्या वेळा सोडून दरजा उकरायला घेतल्या. या कामाबद्दल सविस्तर लिहून ठेवते, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

ग्राइंडर वापरू द्यायचा नाही, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं. ठेकेदाराचं म्हणणं, ग्राइंडरने चौपट वेग येईल. वेग येतो हे खरं. पण आडव्या दरजेत पातं सरळ जातं, उभ्या दरजेत थांबता थांबता वरच्या-खालच्या दगडात घुसतं, आणि त्या चिऱ्याच्या कडेवरची खाच कायमची राहते. घडणाऱ्याने ज्या कडेसाठी सगळ्यात जास्त वेळ दिला, तीच आपण कापतो.

काका कसं करतात ते आज बराच वेळ उभं राहून पाहिलं. चौथ्या कमानीच्या डावीकडचा चिरा. आधी पट्टीच्या मधोमध बारीक टोकाची छन्नी लावून हलके ठोके, पट्टीला आडवी चीर जाते. मग चपट्या छन्नीने मधून कडेकडे, कधीही कडेकडून मधे नाही. सिमेंटचा तुकडा दगडावरून आपण होऊन सुटतो. जिथे सुटत नाही तिथे काका थांबतात, पाणी शिंपडतात, पुढच्या दगडावर जातात आणि नंतर परत येतात. एका ठिकाणी सिमेंटने दगडाचा पापुद्रा इतका घट्ट धरला होता की काढलं असतं तर नखाएवढं टवकं निघालं असतं. काकांनी तेवढं सिमेंट तसंच ठेवलं. "ऱ्हाऊ द्या. आपल्या नावाचा टवका कशाला?" नकाशावर तशी नोंद केली.

सिमेंट निघाल्यावर आतून ओली, राखाडी माती आली. तिला चुना म्हणायची सोय नव्हती. बोटाने खरवडता येत होती, काही जागी अख्खी बोटं आत गेली. दरज रुंदीच्या दुप्पट खोल उकरायची, तळ चौकोनी ठेवायचा, ब्रशने झाडायची, पाण्याने धुवायची. निमुळत्या तळात नवा चुना टिकत नाही.

२७ डिसेंबर

सुट्टीत कामावरच्या तरुण गवंड्यांना घेऊन पुणे-मुंबईला जाऊन आले. हातात जे काम आहे त्याचं मोठं रूप त्यांनी पाहावं, हा हेतू.

पुण्यात विद्यापीठाची मुख्य इमारत. १८६४ ते १८७१ मध्ये गव्हर्नरच्या निवासासाठी बांधलेली, वास्तुरचनाकार जेम्स ट्रबशॉ. विद्यापीठ तिथे १९४९ नंतर आलं. दगड आपल्याच जातीचा. डेक्कन कॉलेजची इमारतही त्याच काळातली, तिच्या कमानींपाशी आमची पोरं बराच वेळ रेंगाळली. मुंबईत फोर्टमधलं विद्यापीठ: १८७४ चं दीक्षान्त सभागृह आणि १८७८ चा राजाबाई टॉवर, दोन्ही गिल्बर्ट स्कॉटच्या आराखड्यावर. तिथे कुर्ल्याचा पिवळसर दगड आणि कोरीवकामाला पोरबंदरचा चुनखडी दगड. चुनखडीला समुद्राची हवा आणि गाड्यांचा धूर दोन्ही खातात, म्हणून तिथली मंडळी झिजलेल्या नक्षीशी झुंजतात. आमची झुंज वेगळी. आमचा दगड टिकतो आणि आतला चुना जातो.

आम्लाने धुण्याचा विषय तिथेच निघाला. एका पोराने विचारलं, बेसाल्टला आम्लाने काही होत नसेल तर आपली भिंत आम्लाने का धुवायची नाही? भिंत दगडाची असली तरी ती धरून ठेवलीय चुन्याने, आणि आम्ल पहिल्यांदा चुनाच खाणार. शिवाय मागे क्षार सोडून जाणार. नाशिकमध्ये कितीतरी दगडी जोती अशीच "स्वच्छ" झाली आहेत. नुसतं पाणी, नायलॉनचा ब्रश आणि सबुरी, एवढंच पुरतं.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. निफाडकडचा पारा खाली आला की इथेही पहाटे बोटं वळत नाहीत. थंडीत चुन्याचं काम उशिरा सुरू करायचं आणि चारलाच थांबवायचं. ताज्या दरजांवर रात्री गोणपाट.

२३ जानेवारी

नमुन्याच्या पट्ट्यांचा निकाल. डिसेंबरमध्ये मागच्या भिंतीवर वेगवेगळ्या प्रमाणांच्या छोट्या पट्ट्या भरून ठेवल्या होत्या. आज त्यांचे तुकडे फोडून फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन शिंपडलं. चुना जिथे अजून कच्चा तिथे भडक गुलाबी, जिथे हवा पचवून पक्का झालाय तिथे रंग नाही. सगळ्यांच्या पोटात गुलाबी होतं. बाहेरची पक्की कड कुठे जाड, कुठे कागदासारखी. मातीचं प्रमाण असलेल्या वाळूची पट्टी भेगाळली, ती बाद. चुना १, सुरखी १, वाळू २ ही पट्टी जुन्याच्या रंगालाही सगळ्यात जवळ आली आणि भेगही नाही. हीच घ्यायची. वाळू म्हणून क्रश सँड धुऊन, बारीक भुकटी काढून टाकून.

चुना मळायची घाणी मोटरवर चालते, बैल नाही. पण मळण्याचा वेळ काकांनी कमी करू दिला नाही. थापीवरून चुना पडला नाही पाहिजे आणि थापीला चिकटूनही बसला नाही पाहिजे. पाण्यात गूळ आणि हिरडा भिजवून ते पाणी घालतात. चुना हाताला चांगला येतो, सुकायला वेळ घेतो. प्रमाण काकांच्या हातात ठेवलंय, एवढंच बजावलं की गूळ जास्त झाला तर बुरशी धरते.

१२ फेब्रुवारी

बदलायचे दगड ठरले. कॉलेजच्या समितीला झिजलेले सगळेच बदलून हवे होते. मी फार थोडे मान्य केले, ज्यांच्यावर वरचा भार पेलायची जबाबदारी आहे आणि ते पेलू शकत नाहीत तेवढेच. झिजलेली कड हा दोष नाही.

जे गेलेत त्यांचं कारण दगडातच आहे. छज्जाखालच्या काही चिऱ्यांत पांढरे ठिपके आहेत: लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्या, त्यांत नंतर झिओलाइट हे खनिज भरलेलं. पांडवलेण्यांजवळच्या खाणींतले असे स्फटिक जगभरच्या संग्रहांत गेलेत, फार देखणे. पण भिंतीत असा दगड उघड्यावर बसवला की ठिपके आधी झडतात, मग पाणी पोकळीत बसतं आणि चिरा पापुद्र्यांनी सुटतो.

नव्या दगडासाठी खाणीवर गेलो. आजूबाजूच्या बहुतेक खाणी खडीसाठी चालतात, म्हणजे सुरुंग. सुरुंगाने फुटलेला दगड वरून धडधाकट दिसतो, आत बारीक तडे असतात आणि घडताना किंवा दोन पावसांनी कळतात. पाचरी ठोकून फोडलेला दगड देणारा शोधून काढावा लागला. महाग पडला, पण दुसरा मार्ग नाही. घडाई हातानेच, छन्नीचे घाव जुन्याच्या दिशेने. मागच्या न दिसणाऱ्या अंगावर २०२५ कोरून ठेवलं, म्हणजे पुढे कुणी काम करेल त्याला नवा-जुना कळेल. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेतही नवं काम ओळखू यावं असंच म्हटलंय.

३ मार्च

कोपऱ्याच्या चिऱ्यांतले लोखंडी आकडे काढले. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगडाचा कोपरा आतून फोडतं. दोन चिरे तसेच फुटलेत. जागी ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील.

भिंतीच्या माथ्यावर उगवलेला पिंपळ ओढून काढायचा नाही. तिथले दगड क्रमाने उतरवून मूळ हाताने सोडवलं, पुन्हा तेच दगड चढवले.

२८ मार्च

ऊन वाढलं. चुन्याला आता थंडीपेक्षा उन्हाचा त्रास. सकाळी सातला सुरू, दहाला बंद, संध्याकाळी पुन्हा. भरलेली दरज दिवसातून कित्येकदा फवाऱ्याने भिजवायची. पाणी उडून गेलं तर चुना पकडतच नाही, भुकटी होतो. उत्तर भिंतीच्या पोटात पातळ चुना-सुरखी भरणं चालू आहे. खालच्या ओळीपासून वर, दाब न देता, आधी पाण्याने धुऊन. किती पितेय ही भिंत! शंभर वर्षांचा धुऊन गेलेला चुना तिला परत देतोय.

आज समितीत वेगळाच विषय. २०२७ च्या सिंहस्थाआधी इमारत "चकचकीत" दिसावी म्हणून दगडांवर काळा पॉलिश किंवा पारदर्शक लेप द्यावा, अशी सूचना आली. मी स्पष्ट नाही म्हटलं. सिमेंट काढण्यात सगळा हिवाळा गेला तो भिंतीला श्वास घेता यावा म्हणून, आणि आता त्यावर झाकण लावायचं? शहरातल्या ऑइल पेंट दिलेल्या दगडी खांबांवरचे पापुद्रे सगळ्यांच्या नजरेसमोर आहेत. तरी पटवायला वेळ लागला. शेवटी प्राचार्य मॅडमनी धुतलेल्या आणि चुन्याने भरलेल्या कमानीपाशी सगळ्यांना उभं केलं. बेसाल्टचा खरा रंग काळाभोर नसतो, निळसर राखाडी असतो, आणि उन्हात त्यात बारीक चमक दिसते. सूचना मागे घेतली गेली.

२१ मे

मेमध्ये असा पाऊस. वळवाची एखादी सर समजू शकते, पण हा दिवसांमागून दिवस पडतोय. पश्चिमेच्या ताज्या दरजांवर ताडपत्र्या बांधल्या, तरी एका भागातला चुना वरून धुपला. तो परत भरावा लागेल.

पण यामुळे कामाची परीक्षा जूनच्या आधीच झाली. पन्हळी वाहतायत. भिंतीलगतच्या चरीतून पाणी आवाराबाहेर जातंय. उत्तरेच्या खोल्यांत आत जाऊन हात लावला: नवी ओल नाही. जुनी अजून आहे, दोन फुटी भिंत एका हंगामात सुकत नाही. बाहेरून पाहिलं तर पाऊस थांबल्यावर तासाभराने दगड कोरडे आणि दरजा ओल्या, गडद. पाणी आता दरजेतून बाहेर येतंय. काका म्हणाले, "चाललं बरोबर."

१२ जून

देखभालीची वही कॉलेजच्या ताब्यात दिली. मोजकंच लिहिलंय: पन्हळी मेअखेर आणि दिवाळीआधी साफ करायच्या, रोप बोटभर असतानाच उपटायचं, भिंतीला सिमेंट, आम्ल, रंग लावायचा नाही, पेव्हर पुन्हा भिंतीपर्यंत आणायचे नाहीत. देखभालीच्या दोन मुलांना दरज भरायला काकांनी शिकवलंय, त्यांचा हात बरा आहे. त्यांना पाथरवटाची मजुरी मिळावी, शिपायाच्या पगारात हे काम करून घेऊ नये, असं पत्रही दिलंय.

पश्चिमेच्या जिन्याची भिंत राहिलीय. उरलेल्या चुन्याची टाकी स्टोअरमागे झाकून ठेवली आहे, वरचं पाणी आटू न देण्याचं काम त्याच दोघांकडे. ऑक्टोबरमध्ये त्यातूनच पुढचं काम सुरू करायचं.